आउटबोर्डचं तेल मेअखेरीस बदला, ऑगस्टमध्ये नाही

पावसाळ्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं मशीन, उतरवून पडवीत ठेवतात. तेल मात्र बदललं जातं हंगाम सुरू होताना. हे उलटं आहे. वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाण्याचा अंश असतो. तेच दोन महिने आत राहिलं तर बेअरिंग आणि गिअर गंजायला लागतात. मशीन ठेवण्यापूर्वीच ताजं तेल भरा.

९.९ हॉर्सपॉवरच्या फोर-स्ट्रोकला ८०० मिली ते १ लिटर इंजिन ऑइल लागतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. डब्यावर ‘एफसी-डब्ल्यू’ (पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक बोट-इंजिनांच्या तेलाचं प्रमाणपत्र) हा शिक्का हवा, ग्रेड बहुधा १०डब्ल्यू-३०. मोटरसायकलचं तेल स्वस्त पडतं, पण एफसी-डब्ल्यूच्या कसोटीत गंजरोधही तपासलेला असतो आणि खाऱ्या पाण्यात तोच कामाचा. नव्या मशीनचं पहिलं तेल २० तासांनी काढायचं, पुढे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा.

मशीन ड्रमभर पाण्यात पाचेक मिनिटं चालवून तेल कोमट करा. कोरडं चालवू नका, थंडाव्याचं पाणी खेचणारा रबरी इम्पेलर काही सेकंदांत जळतो. बंद करून बूच काढा आणि बूच खालच्या बाजूला येईल असं मशीन वळवून तेल पूर्ण निथळू द्या. बुचाचा वॉशर नवा घाला. फिल्टर असेल तर त्याच्या रबराला तेलाचं बोट लावा, रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळा. पाना लावलात तर पुढच्या वर्षी तो निघणार नाही. काही छोट्या मॉडेलना फिल्टर नसतोच.

आधी थोडं कमीच ओता. मशीन सरळ उभं असतानाच डिपस्टिक पाहायची, तिरकं असेल तर ती खोटं सांगते. पातळी वरच्या खुणेपुढे गेली तर तेल फेसाळतं आणि हवेच्या वाटेने कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. भर न घालताही पातळी चढत असेल, तर तेलात पेट्रोल मिसळतंय. थंड मशीन तासन्‌तास मंद गतीवर चालवलं की असं होतं.

आता गिअर ऑइल. टू-स्ट्रोकवाले इथेच चुकतात: तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, इंजिनात बदलायला तेल नाही, म्हणून खालच्या गिअरकेसचंही विसरतात. त्याला मरीन गिअर ऑइल लागतं, या आकाराला साधारण २०० ते ४०० मिली. आधी खालचं बूच काढा, मग वरचं. बूच कोणतं ते नीट ओळखा: जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये शेजारचा फिलिप्स डोक्याचा स्क्रू गिअर बदलणाऱ्या भागाचा असतो. तो काढला की सगळा गिअरकेस खोलावा लागतो.

बुचाच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणं ठीक, चकचकीत तुकडे म्हणजे गिअरचे दात गेले. तेल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी. ती पंख्यामागे शाफ्टला गुंडाळली जाते आणि सील कापते. म्हणून पंखा काढून पाहा. सील गेलं असेल तर नुसतं तेल बदलून काही होत नाही.

भरताना तेल खालच्या भोकातून पंपाने ढकला. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि भरल्यासारखं वाटून तेल कमी पडतं. वरच्या भोकातून बुडबुडे थांबून सलग धार आली की आधी वरचं बूच लावा, मग पंप काढून झटकन खालचं. दोन्ही वॉशर नवे. जुन्या चपट्या वॉशरमधूनही पाणी शिरतं.

काढलेलं तेल खाडीत ओतू नका. डब्यात साठवून जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या, पण पाणी मिसळलेलं वेगळं ठेवा.