ओळंबा

मिरजेत आमचं घरदुरुस्तीचं आणि वॉटरप्रूफिंगचं काम चालतं. एरवी गच्चीची गळती, बाथरूमची ओल, टाकीची चीर. 2019 च्या ऑगस्टात मात्र कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं. तिथं 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका. 2005 च्या पुराची रेघ ज्यांनी भिंतीवर जपून ठेवली होती, त्यांची ती रेघही बुडाली. पाणी ओसरलं तसे फोन सुरू झाले आणि पुढचे दोन महिने आम्ही सांगलीतच होतो.

ज्या दिवसाबद्दल लिहितोय तो तिसऱ्या आठवड्यातला. गावभागातल्या एका घरी टाकीचं काम होतं. पुराचं पाणी जमिनीखालच्या टाकीत शिरलेलं. ते उपसायचं, तळाचा गाळ काढायचा, ब्लिचिंगनं घासायचं, असं सकाळपासून चाललं होतं. बोळात दोन्ही बाजूंना भिजलेल्या गाद्या, पुस्तकं, फुगलेलं प्लायवूड यांचे ढीग. कुजलेल्या धान्याचा वास तर डोक्यात जात होता. शेजारच्या वाड्यातल्या काकू दारात उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. म्हणाल्या, "अरे, जाता जाता आमच्याकडंही एक नजर टाक. लेकानं माणसं लावलीत, पण मला आत उभं राहवत नाही बघ."

आत गेलो तर एक पोरगा गाड्या धुवायच्या जेटनं भिंत धूत होता.

जुना वाडा. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर बोळाच्या बाजूनं भाजक्या विटा आणि आतून पांढरी माती. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी चांगल्या हेतूनं दोन्ही अंगांनी सिमेंटचा गिलावा केलेला. तो साडेपाच फुटांपर्यंत पाण्याखाली होता आणि पोपडे धरून सुटत होता. पोरगा त्या सुटलेल्या जागीच धार मारत होता. आतून चहाच्या रंगाचं पाणी येत होतं. भिंतीचं पोटच वाहून चाललं होतं ते.

मी आधी जेट बंद करायला लावलं. वायर पाहिली, तर घरातल्याच सॉकेटला लावलेली. ज्या बोर्डात आठवड्यापूर्वी गाळ होता त्यात मेन चालू! पोरगा अनवाणी, पायाखाली पाणी. आमच्या वायरमनचा नेम असा, की बुडालेले एमसीबी आणि सॉकेट सरळ बदलायचे, पाइपातल्या तारा ओढून बघायच्या आणि मेगरवर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर, वाचन एक मेगाओहमच्या वर गेल्याशिवाय मेनला हात लावायचा नाही. वरून कोरडा दिसणारा बोर्ड आत ओला असतो. मी मेन पाडला. त्या पोराचा काही दोष नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमचे मिस्त्री तोवर भिंतीवर हात फिरवत होते. तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. म्हणाले, "दादा, हिला पोट सुटलंय. ओळंबा आणा."

बोळाच्या बाजूनं वर दोन इंचांची ठोकळी धरून ओळंबा, म्हणजे दोऱ्याला बांधलेलं वजन, खाली सोडला. सरळ भिंतीवर दोरा खालपर्यंत दोन इंच लांब राहतो. इथं छातीच्या उंचीला तो भिंतीला टेकला. मिस्त्रींनी तिथं पेन्सिलीनं फुली मारली, शेजारी वेळ लिहिली, 11.20. पाऊण तासानं पुन्हा सोडला, तेव्हा दोरा नुसता टेकत नव्हता, विटेवर वाकत होता. भिंत चालली होती.

पूर आलेला असताना अशा भिंतीला दोन्हीकडून पाण्याचा दाब असतो, म्हणून ती उभी राहते. खरा धोका पाणी उतरल्यावर. आतली माती भिजून जड आणि मऊ झालेली, वरून सिमेंटचा गिलावा तिला वाळू देत नाही. ती खाली बसते आणि बाहेरच्या विटांच्या थराला ढकलत राहते. आणि याच भिंतीवर माडीच्या चार तुळया टेकलेल्या होत्या.

काकूंना म्हणालो, "आत्ताच्या आत्ता बाहेर चला. देव आणि कागदपत्रं तेवढी घ्या." त्यांनी एक शब्दही विचारला नाही. देवघरातला टाकांचा डबा घेतला, चष्मा घेतला आणि शेजारी जाऊन बसल्या.

पुण्याहून लेकाचा फोन. तो चिडला, आणि मला ते समजतही होतं. "मी चाळीस हजार ॲडव्हान्स दिलाय. सात दिवसांत पुट्टी, रंग, फर्निचर सगळं करून देतो म्हणालेत. 2 सप्टेंबरला गणपती आहेत. तुम्ही काम का थांबवलं?" मी विचारलं, "ते लोक घर बघायला आले होते का?" नव्हते. फोटोवर बोली झाली होती. ओल मोजली का? नाही. काय काय करणार ते लिहून दिलंय का? व्हॉट्सॲपवर एक आकडा होता, बस. मी म्हणालो, "साहेब, मला काम नका देऊ. पण जो माणूस भिंतीला हात न लावता रंगाची तारीख देतो, त्याला आईच्या डोक्यावरचं छप्पर सोपवू नका." पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "आई बाहेर आहे ना?"

दुपारभर टेकू देण्याचं काम केलं. स्लॅबच्या कामाचे लोखंडी जॅक मिरजेहून मागवले. शहाबादी फरशीखालची जमीन दबत होती, म्हणून खाली जाड फळ्या टाकल्या, वर आडवी तुळई घेतली आणि माडीचा भार भिंतीवरून काढून जॅकवर घेतला. जॅक एकदम आवळायचे नाहीत, क्रमानं थोडे थोडे आवळायचे. बोळ दोरी बांधून बंद केला, गल्लीतल्या पोरांनी गाड्या हलवल्या.

साडेचारच्या सुमारास बारीक आवाज आला. सुपातून धान्य ओतल्यासारखा. मिस्त्री ओरडले, "मागं व्हा!" आणि बाहेरचा विटांचा थर, सात-आठ फूट रुंद, मधूनच बोळात बसला. धूळ उडाली नाही. ओल्या मातीचा नुसता धप्प आवाज. आतला अर्धा थर आणि माडी जॅकवर उभी राहिली. त्या ढिगाखाली सकाळी काकूंची खुर्ची होती.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंना बोलावलं. अशा घरात माझ्यासारख्या कंत्राटदाराचा शब्द शेवटचा नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी पडलेला भाग पुन्हा विटांनी पण चुन्यात बांधायला सांगितला आणि उरलेला सिमेंटचा गिलावा जोत्यापर्यंत उतरवायला लावला. तेव्हा कुठं भिंती श्वास घ्यायला लागल्या. पोटमाळ्याखालच्या कपाटाची खालची पट्टी काढली, तर आतून काळं पाणी आलं. दोन आठवडे ते तिथं कोंडून होतं, आणि मागच्या भिंतीवर बुरशीचा हिरवट थर. ते कपाट टाकलं, पण आधी फोटो काढून. काकूंचा घराचा विमा होता आणि त्यात पूर धरलेला होता. सर्व्हेअर येण्याआधी सगळं बोळात फेकलं असतं तर दाव्याला पुरावा काय दाखवणार?

आमच्या धंद्यात ओल सुकण्याचा ढोबळ हिशोब इंचाला महिना. पावसाचं दिवसभर दारं-खिडक्या उघड्या टाकल्या तर बाहेरची दमट हवाच आत येते. म्हणून उघडीप असेल तेव्हा खिडक्या, पाऊस असेल तेव्हा भाड्यानं आणलेलं डिह्युमिडिफायर, असं चालवलं. मातीच्या भिंतीवर हीटर लावला नाही, ती तडकते. दर महिन्याला भिंतीवर दोन फुटी प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून ठेवायचो. ऑक्टोबरात सकाळी त्याच्या आत थेंब जमलेले असायचे, डिसेंबरात नुसती वाफ. एप्रिलमध्ये प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हा चुन्याचा हात मारला. त्याआधी, पुराच्या वर्षीच्या गौरी उघड्या भिंतीसमोरच बसल्या. काकूंनी मागं जुनी पैठणी लावली होती.

ॲडव्हान्सपैकी पंचवीस हजार लेकाला परत मिळाले, बाकीचे गेले.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा शहरात शिरलं. पाणी उतरल्यावर सकाळी साडेसहाला काकूंचा फोन आला. "मी शेजारच्यांच्या माडीवर आहे. मेन बंद आहे, आत कुणी पाऊल टाकलेलं नाही, रेघेचे फोटो काढून ठेवलेत. तू मिस्त्रींना घेऊन ये, आणि येताना ओळंबा आण."