आण्णांची लस आणि दोन पहिले डोस (माझा अनुभव)

बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं, राहून जात होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, त्यांचे कोरोनाच्या लसीचे दोन डोस आणि त्याचं एक धड सर्टिफिकेट मिळवायला आम्हाला २०२१ चा एप्रिल ते ऑक्टोबर एवढा काळ गेला. त्यात काय काय झालं ते जसं आठवतंय तसं लिहितेय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. मी डोंबिवलीला राहते, पण त्या वर्षी होळीला गावी आले ती तिकडेच अडकले, ऑफिसचं काम घरूनच होतं म्हणून निभावलं. १ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस सुरू झाली आणि ५ तारखेला सोमवारी मी आईला गाडीवर बसवून आरोग्य केंद्रात घेऊन गेले. आण्णा तेव्हा ६३ चे, वरनं शुगर, खरं तर त्यांचा नंबर आईच्याही आधी होता, मार्चमध्येच ६० वरच्यांना सुरू झाली होती. पण ते म्हणाले आधी तुझ्या आईला काय होतंय बघू. आईला रात्री थंडी वाजून ताप आला, पॅरासिटामॉल दिली, दुसऱ्या दिवशी दुपारी ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मला वाटलं झालं, आता आण्णा तयार होतील.

पण त्याच आठवड्यात वरच्या आळीतल्या एका आप्पांनी लस घेतली. तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला, घरच्यांना वाटलं लसीचाच ताप आहे, उतरेल. चार दिवस तसेच काढले, मग टेस्ट, मग ऑक्सिजनच्या बेडसाठी तालुक्याला, तिथनं साताऱ्याला, आणि बाराव्या दिवशी आप्पा गेले. त्यांना शेवटचं बघायलाही कुणाला मिळालं नाही. गावात एकच वाक्य फिरलं, चांगला चालता बोलता माणूस, लस घेतली आन गेला.

मला आतून कळत होतं की लस घेतली की लगेच संरक्षण मिळत नाही, त्याला काही आठवडे जातात, आणि आप्पांना लागण एक तर आधीच झालेली असणार किंवा त्या केंद्राच्या व्हरांड्यात, जिथं त्या दिवशी माणसं एकमेकांना खेटून उभी होती, तिथंच झाली असणार. पण हे त्यांच्या मुलासमोर कोणत्या तोंडानं बोलणार. गप्प बसले. त्या दिवसापासून आण्णांनी लसीचा विषय काढला की उठून गोठ्यात जायला सुरुवात केली.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची आणि अजून खटकते, की गावातली माणसं नाही म्हणाली की शहरातले लोक लगेच अडाणी म्हणून मोकळे व्हायचे. आण्णा वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. १४ एप्रिलपासून संचारबंदी लागली, बाजार बंद झाला, डाळिंब झाडाला राहिलं, नंतर जिल्ह्याबाहेर जायला ई-पास आला, माझ्या भावाला पुण्याहून यायचं तर कारण काय लिहायचं यावर आम्ही रात्रभर फोनवर. आण्णा एकदा चिडून म्हणाले, "बाजार बंद, शाळा बंद, वारी बंद, माणूस मेला तर चार खांदेकरी न्हाईत, आन आता म्हणत्यात सुई टोचून घ्या मग सगळं सुरू करतो. दर पंधरा दिवसाला नवा नियम काढत्यात, त्यातला कुठला खरा धरायचा सांग." वारी बंद हे त्यांचं मोठं दुःख होतं. तरुणपणापासून फलटणला पालखीत सामील होऊन पंढरपूरपर्यंत चालत जाणारा माणूस, २०२० ला पादुका एसटीनं गेल्या ते टीव्हीवर बघून दिवसभर जेवला नव्हता.

आणि नियमांचं म्हणाल तर ते खरंच बदलत होते. आईला सांगितलं होतं सहा ते आठ आठवड्यांनी या. त्याच्याही आधी ज्यांनी घेतली त्यांना २८ दिवस सांगितलं होतं. आम्ही १८ मे ला गेलो तर कळलं १३ मे ला अंतर वाढवलंय, आईला दिलेल्या कोविशील्ड लसीचा दुसरा डोस आता १२ ते १६ आठवड्यांनी, नोंदणीचं सरकारी कोविन पोर्टल ८४ दिवसांच्या आत नावच घेत नाही. अंतर जास्त ठेवलं तर लस जास्त चांगलं काम करते हे परदेशातल्या आकड्यांवरनं दिसलं होतं हे खरं, पण त्याच दिवसांत लसीचा तुटवडा होता हेही खरंच होतं ना, १२ मे ला तर महाराष्ट्रानं १८ ते ४४ वाल्यांचं लसीकरण थांबवून ती लस ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवली होती. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या असत्या तर लोकांनी समजून घेतलं असतं असं मला वाटतं. सांगितली एकच, दुसरी लोकांना रांगेत दिसत होती. आई घरी आली, आण्णांनी फक्त बघितलं तिच्याकडे, बोलले काही नाहीत.

१८ ते ४४ चं तर विचारू नका. १ मे पासून आमचा नंबर, पण फक्त ऑनलाइन, कोविनवर तारीख टाकायची, कॅप्चा भरायचा, स्लॉट हिरवा दिसेपर्यंत संपलेला असायचा, आणि आमच्याकडे रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं. शहरातली पोरं ॲलर्ट लावून बसलेली, त्यांना गावाकडचे स्लॉट मिळायचे. एके दिवशी केंद्रावर पुण्याच्या पासिंगच्या चार गाड्या आणि गावातली माणसं बाहेर उभी, मोठं भांडण झालं. गाडीतली एक मुलगी रडायला लागली, तिच्या घरात कुणीतरी गेलं होतं. कुणाला चूक म्हणायचं? तीही घाबरलेली, आमचे लोकही घाबरलेले, डोस तेवढेच.

मे अखेरीला व्हॉट्सॲपवर तो मेसेज आला, फ्रान्सच्या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाच्या नावानं, की लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार. ते साफ खोटं होतं, ते तसं बोललेच नव्हते, सरकारनंही खुलासा केला होता, पण खुलासा आमच्या गावात पोचलाच नाही, मेसेज मात्र घराघरात. आई तो वाचून दोन रात्री झोपली नाही. ज्यानं कुणी तो बनवला त्याला माझ्या आईचा तो चेहरा दिसायला हवा होता.

आता मुख्य गोष्ट. आण्णा कशानं तयार झाले, तर आमच्या आशाताईंमुळे, म्हणजे गावात घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविकेमुळे. जूनमध्ये राज्यभरातल्या आशा संपावर होत्या, १५ तारखेपासून आठवडाभर, जवळपास ७० हजार बायका. घरोघरी ताप बघायचा, ऑक्सिजन मोजायचा, पॉझिटिव्ह माणसाच्या दारात जायचं, आणि त्याचा मोबदला इतका तुटपुंजा की सांगायला लाज वाटावी. संपानंतर महिन्याला एक हजार आणि कोविड भत्त्याचे पाचशे एवढी वाढ मिळाली. संप मिटल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी ताई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मला वाटलं आता त्या पोस्टरवरचं बोलणार, लस घ्या सुरक्षित राहा.

त्या म्हणाल्या, "आण्णा, लस घेतली की तुमाला ताप येणार. अंग मोडून येतंय, एक दिवस हात वर होत न्हाय. मला दोन्ही डोसला आला."

आण्णा म्हणाले, "आन आप्पाचं काय?"

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आप्पांना मीच बोलवून न्हेलं हुतं. त्यांच्या घरात अजून मला कुणी पाणी देत न्हाय. त्यांना आधीच लागण हुती का रांगेत झाली, मला सांगता येत न्हाय आण्णा. पर सुई टोचली म्हंजी लगीच कवच येत न्हाय, खोकला आला तर थांबायचं न्हाय, लगीच दाखवायचं, एवढं मी त्यांना सांगाय पायजे हुतं. मी न्हाय सांगितलं. मला बी कुणी नीट सांगितलं नव्हतं."

त्या रडत नव्हत्या पण आवाज गेला होता. मी दारात उभी होते, मला हललंच नाही. इतक्या महिन्यांत कुणी आण्णांना असं बोललं नव्हतं, ना मी, ना डॉक्टर, ना टीव्ही. सगळे सांगत होते काही होत नाही. ही पहिली बाई जी म्हणाली होतं, आणि मला सगळं माहिती नाही. आण्णांनी आईला हाक मारली, ताईंना चहा ठेव म्हणाले. मग स्वतःहून विचारलं, शुगरवाल्याला चालती का. ताई म्हणाल्या, त्यांनीच आधी घ्यायची.

२८ जूनला आईचे ८४ दिवस भरत होते, त्याच दिवशी दोघांना घेऊन गेले. लसीकरण वस्तीवरच्या शाळेत होतं. तिथं सिस्टर म्हणाल्या, सहाच माणसं आलीत, एका बाटलीत दहा डोस असतात, उघडली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर उरलेले वाया, अजून चार जण येऊ द्या मग फोडते. त्यांचंही बरोबर होतं, एकेका डोसचा हिशोब द्यायला लागायचा. पण मला धाकधूक की थांबता थांबता आण्णांचं मन बदलेल. अर्धा तास झाला आणि आण्णा उठले, बाहेर चालायला लागले. मी मागं धावले. म्हणाले, "अगं पळून न्हाय चाललो, चार माणसं घिऊन येतो." आणि खरंच आले, त्यांचा चुलतभाऊ, त्याची बायको, आणखी एक जण. दहावी बाई आशाताईंनी आणली. आप्पांचा मुलगा पारावर बसला होता, आण्णा त्याच्याजवळ जाऊन थोडा वेळ बसून आले. तो आला नाही. त्याला कुणी आग्रहही केला नाही, ते बरं झालं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही असा आदेश निघाला तेव्हा मला सारखा तो पारावरचा मुलगा आठवत होता. रेशन थांबवून तो सुईपर्यंत आला असता, पण त्याचं दुखणं तसंच राहिलं असतं. माझं हे मत आहे, कुणाला पटेल कुणाला नाही.

मी नंतर डोंबिवलीला परत आले, माझेही डोस झाले. १५ ऑगस्टपासून दोन डोस आणि वर १४ दिवस झालेल्यांना लोकल सुरू झाली, स्टेशनवर पालिकेचे लोक सर्टिफिकेट तपासून शिक्का द्यायचे, मग खिडकीवर पास. आण्णांचा दुसरा डोस २० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. मी तिकडे नव्हते. रेंज नाही म्हणून तिथं नावं वहीत लिहून घेतली आणि संध्याकाळी कुठेतरी बसून भरली. आण्णांना माझा नंबर पाठ नाही, शेजाऱ्यांचा दिला, आधार घरी राहिलं होतं म्हणून मतदान कार्ड दाखवलं. झालं, पोर्टलवर आण्णा दोन झाले. एक माझ्या नंबरवर, पहिला डोस २८ जून. दुसरे शेजाऱ्यांच्या नंबरवर, तेही पहिला डोस, २० सप्टेंबर. दोन पहिले, दुसरा एकही नाही.

ऑक्टोबरमध्ये त्यांना डोळ्यांसाठी परळला दाखवायचं होतं तेव्हा हे लक्षात आलं. लोकलचं एकेरी तिकीटही तेव्हा मिळत नव्हतं, एका दिवसासाठी महिन्याचा पास, आणि पासला दोन्ही डोसचं सर्टिफिकेट. केंद्रात फोन केला तर आमच्याकडून बदलता येत नाही. हेल्पलाइनला १०७५ वर तीनदा लागला, तिसऱ्यांदा एका मुलीनं शांतपणे सांगितलं की कोविनमध्ये तक्रार नोंदवायच्या जागी दोन पहिले डोस एकत्र करायचा पर्याय आहे. त्यासाठी शेजाऱ्यांच्या नंबरनं लॉगिन करून दुसरा रेफरन्स नंबर काढायचा, म्हणजे ओटीपी त्यांच्या फोनवर, ते शेतात, मी इकडे, ओटीपी वाचून सांगेपर्यंत त्याची वेळ संपायची. चौथ्यांदा जमलं. शेजारच्या काकू त्या दिवशी फोन घेऊन माळावर रेंजमध्ये माझ्यासाठी तासभर उभ्या होत्या, त्यांचे उपकार आहेत. पहिली विनंती नुसती पडून राहिली, दुसरी केली, आठवड्यानं सर्टिफिकेट आलं, दोन्ही तारखा एकाच कागदावर. प्रिंट काढून आण्णांच्या हातात दिली तर त्यांनी बोट ठेवून दोन्ही तारखा वाचल्या आणि घडी करून खिशात ठेवली.

कुणाचं असं कधी अडकलं तर दोन्ही नंबर आणि दोन्ही ओळखपत्रं समोर घेऊनच बसा, आणि म्हाताऱ्या माणसांच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम ठेवा.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मी ऑफिसात होते आणि फोनवर मेसेज आला, आण्णांच्या नावाचा, तिसरा डोस झाल्याचा. मला कुणी काही बोललं नव्हतं. घाबरून घरी फोन लावला तर आई म्हणाली, कालच म्हणत होते नऊ महिने भरले म्हणून, सकाळी एकटेच गेले. मग आण्णा फोनवर आले. दोन वर्षांनी वारी चालत निघाली होती. म्हणाले, "आगं पालखी फलटणला यील आता. लाखानं माणसं असत्यात. म्हणलं जायच्या आधी घिऊन टाकावी. आन तुजा नंबर दिला बरं का, चिठ्ठीवरचा."