काट्यावरची सतरा मिनिटं

शेटजींचं पहिलंच वाक्य, "शेजारच्या जिनिंगात २४ हायेत, आपल्याले ३२ पाहिजे." कॅमेरे म्हणे, त्यांच्या जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यासाठी. लग्नातली ताटं मोजावी तसं. मी मान हलवली, चहा घेतला आणि दिवाणजींना बाजूला नेऊन विचारलं, "मागच्या हंगामात भांडणं कायकायवरून झाली?"

हा प्रश्न मी आधी विचारत नव्हतो. तालुक्याच्या गावी माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. सराफा, कृषी केंद्र, मंगल कार्यालय करता करता पहिल्यांदा एका जिनिंगचं काम मिळालं, तेव्हा मी १६ कॅमेरे कोपऱ्याकोपऱ्यात ठोकले आणि बिल घेऊन घरी आलो. त्याच हंगामात तिथे एक कास्तकार काट्यावर, म्हणजे अख्खी ट्रॉली तोलतात त्या वजनकाट्यावर, अडून बसला. त्याचं म्हणणं, ट्रॉली खाली करून पुन्हा काट्यावर घेतली तेव्हा दोन हमाल आतच बसून होते. म्हणजे रिकाम्या ट्रॉलीचं वजन जास्त भरलं आणि तेवढा कापूस त्याच्या चिठ्ठीतून गेला. दोन माणसं म्हणजे सव्वा क्विंटल धरा. २०२५-२६ च्या हमीभावाने, लांब धाग्याला ८११० रुपये, हे दहा हजारांच्या वर जातं.

मला बोलावणं आलं. फुटेज लावलं. ट्रॉलीची मागची फळी दिसत होती, आतलं काहीच नाही. नंबर प्लेटच्या जागी हेडलाइटचा पांढरा गोळा. आणि रेकॉर्डरचं घड्याळ काट्याच्या कॉम्प्युटरपेक्षा सतरा मिनिटं पुढे! हे कळेपर्यंत अर्धा तास आम्ही दुसऱ्याच कोणाचा तरी ट्रॅक्टर मागे-पुढे करून पाहत होतो. कास्तकाराने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग हे लावलं कायले, भाऊ?" प्रकरण अर्ध्यावर मिटलं. खरं कोण होतं ते मी आजही सांगू शकत नाही, आणि सांगता यावं म्हणूनच तर मी पैसे घेतले होते.

म्हणून यावेळी दिवाणजींच्या तोंडून निघालेली भांडणं वहीत लिहून घेतली आणि मगच यार्डात फिरलो. दहातली सात काट्यावरची निघाली. मग दहातले सात रुपये तिथेच घालायचे ना?

काट्याला चार कॅमेरे लिहिले. एक समोरून, नुसत्या नंबर प्लेटसाठी. दुकानात सरसकट मिळणारी २.८ मिलिमीटरची लेन्स अख्खं आवार दाखवते, पण प्लेट मुंगीएवढी. इथे १२ मिलिमीटरपर्यंत ओढता येणारी लेन्स हवी. ती थोडी बाजूला लावायची, म्हणजे हेडलाइट सरळ डोळ्यात येत नाही. शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवायचं, आणि मग अंधार होतो म्हणून वर फ्लडलाइट. दुसरा कॅमेरा खांबावरून थेट ट्रॉलीच्या पोटात पाहणारा. हमाल बसलेत की नाही, त्याला विचारा. तिसरा आडवा, चाकं प्लॅटफॉर्मवर पूर्ण चढली का ते पाहायला. चौथा आत, वजनाचा आकडा आणि काटेवाल्याचे हात एकाच चौकटीत येतील असा. आणि रेकॉर्डर, काट्याचा कॉम्प्युटर दोघांनी वेळ एकाच ठिकाणाहून घ्यायची. याला एक रुपया लागत नाही, आठवण लागते.

बाकीचं भराभर. गेट, ऑफिस, सरकीचं गोडाऊन, गाठींची थप्पी, जिनिंग हॉल. हॉलमध्ये रुईचा भुरका लेन्सवर बसतो आणि रात्री कॅमेऱ्याचा स्वतःचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड, त्यावरच आपटून सगळं धुकं होतं. तिथला इन्फ्रारेड बंद करून ट्यूबलाइट चालू ठेवा, आणि आठवड्याला एकदा लांब काठीला कपडा बांधून पुसा. बाहेरच्यांवर कोळी जाळं करतो, त्यालाही तीच काठी. कापसाच्या गंजीवर आगीसाठी कॅमेरा लावा म्हणाले. साधा कॅमेरा आग लागल्यावर आग दाखवतो; मी म्हटलं, आधी पाण्याची लाइन तपासा.

काटा ऑफिसपासून १८० मीटर. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच चालते, हे एक कारण. दुसरं मोठं. मृगात आपल्याकडे कडाडते तेव्हा दोन इमारतींमधली तांब्याची तार वीज थेट रेकॉर्डरपर्यंत घेऊन येते. फायबरमधून करंट येत नाही. शेटजींनी फायबरचा भाव पाहून डोळे मोठे केले; मी त्यांना मागच्या पावसाळ्यात माझ्याच एका गिऱ्हाइकाकडे जळालेला आठ पोर्टचा नेटवर्क स्विच नेऊन दाखवला. वासासकट.

हार्ड डिस्कचा हिशोब मी त्यांच्यासमोर चिठ्ठीच्या पाठीवर केला. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सेकंदाला एक मेगाबिट म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. काट्याचे चार, प्रत्येकी चार मेगाबिट, ९० दिवस ठेवायचे, कारण वजनाची तक्रार चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हातात पडल्यावर येते. साडेपंधरा टीबी. बाकीचे चौदा दोन मेगाबिटवर, २० दिवस. सहा टीबी. आठ-आठच्या तीन डिस्क. ३२ मागितले होते, १८ लिहिले. रात्री लाइन गेली तर सगळं मिळून अडीचशे वॉटच्या आत बसतं, १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी चार-पाच तास काढते.

पासवर्डवर वाद झाला. सगळ्यांना एकच हवा होता. मी तीन केले. पाहणाऱ्याचा वेगळा, फुटेज काढणाऱ्याचा वेगळा, सेटिंगचा वेगळा, आणि कोणी काय काढलं याची नोंद राहते. कंपनीतून आलेला पासवर्ड तसाच ठेवला की काय होतं ते २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगाला दाखवलं. असे हजारो कॅमेरे दुसऱ्याच्या हुकमावर इंटरनेटवर हल्ला करत होते. प्रकरण कोर्टात गेलंच, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे फुटेजसोबत प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा, लागते. पेन ड्राइव्ह नुसता दिला की झालं, असं नाही.

कचरा वेचणाऱ्या बाया जिथे बसून डबा खातात तिथेही शेटजींना एक पाहिजे होता, माइकवाला. मी नाही म्हटलं. माप घेत होतो तेव्हा त्यांच्यातल्या एका मावशीने भाकर मोडता मोडता विचारलं होतं, "हे दिवसभर पाहते कोण रे बाप्पा?" कोणी नाही मावशी, म्हटलं, भांडण झालं की तेवढंच काढतात. "मंग आमचं कोणाशी भांडण हाय?"

त्या जागेचे पैसे मी दुसरीकडे वळवले. काटाघराच्या खिडकीबाहेर तोंड करून एक १९ इंची मॉनिटर, ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या आकडा आणि वरून दिसणारी आपलीच ट्रॉली पाहता येईल असा. कोटेशनमध्ये ती ओळ सोळावी होती. शेटजींनी लाल पेनाने खोडून परत पाठवलं आहे. बाकी सगळं मंजूर.

काल नवीन कोटेशन छापलं. तो मॉनिटर आता पहिल्या ओळीत आहे.