आईपण की आजारपण?

जीवाश्म कापायची परवानगी मिळवणं हा आमच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. संग्रह सांभाळणाऱ्यांच्या नजरेत आम्ही करवत घेऊन आलेली माणसं, आणि त्यांचंही काही चुकत नाही. म्हणून आधी फोटो, मोजमापं, साचा, सीटी स्कॅन. मगच नडगीच्या मधोमध एक चकती कापायची. ती रेझिनमध्ये बसवून, काचपट्टीवर चिकटवून इतकी घासायची की दगड झालेल्या हाडातून उजेड आरपार यावा.

त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली एका शाकाहारी डायनासोरच्या नडगीचा काप होता. हाड छोटंसं, त्यामुळे प्रश्न नेहमीचाच: हे पिल्लू, की लहान चणीच्या जातीतलं वाढलेलं जनावर? नुसत्या आकारावर विसंबणं धोक्याचं. जर्मनीतल्या युरोपासॉरस या डायनासोरची लांबी सुमारे 6 मीटर, म्हणून आधी ती एखाद्या अवाढव्य जातीची पिल्लं वाटली होती. 2006 साली हाडांच्या कापांवरून कळलं की त्यातली मोठी जनावरं पूर्ण वाढलेली, बुटकी होती.

वाढ दरवर्षी थबकते तिथे हाडात एक रेषा उमटते, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी. या रेषा म्हणजे थंड रक्ताची खूण, असा समज बरीच वर्षं होता. पण 2012 साली त्या हरणांसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांतही नियमित असल्याचं दाखवलं गेलं. जनावराची वाढ संपली की बाहेरच्या कडेशी या रेषांची दाटी होते. माझ्या कापात ती नव्हती. रक्तवाहिन्यांच्या नळ्या कडेपर्यंत भरपूर होत्या. म्हणजे वाढ चालू होती. वय मात्र 'किमान इतकं' असंच सांगता येतं, कारण सुरुवातीच्या रेषा हाडाच्या मधली मज्जापोकळी रुंदावताना गिळून टाकते.

काम संपल्यात जमा होतं. सहज म्हणून काप आतल्या कडेकडे सरकवला, आणि मज्जापोकळीच्या भिंतीला लागून वेगळंच ऊतक दिसलं: विस्कटलेल्या तंतूंचं, मोठमोठ्या पोकळ्यांचं, घाईघाईत घातलेलं. माझे तर हात थरथरायला लागले. अंडी घालायच्या आधी पक्ष्यांच्या माद्या नेमक्या याच जागी असं तात्पुरतं हाड साठवतात आणि कवचासाठी त्यातलं कॅल्शियम वापरतात. कोंबडीच्या एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, ते नुसत्या दाण्यातून वेळेवर पुरत नाही. जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर आणि सहकाऱ्यांनी 2005 साली टी. रेक्सच्या मांडीच्या हाडात असं ऊतक असल्याचं मांडलं. पुढे 2008 साली टेनोंटोसॉरस आणि अ‍ॅलोसॉरस या डायनासोरांचीही तशी नोंद झाली, आणि ती दोन्ही जनावरं अजून वाढत होती. माझ्या कापाशी हे सगळं चपखल जुळत होतं. मनात मी 'मादी' लिहूनही टाकलं होतं.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना बोलावलं. त्यांनी आत पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, "बाहेरची पूर्ण कड फिरून पाहिलीस?"

फिरून पाहिली. एका बाजूला शेवटच्या रेषेच्या वर जाळीदार हाडाचा थर चढला होता, त्याच्या काड्या सरळ बाहेरच्या दिशेने उभ्या. अंड्यांसाठीचं हाड आतल्या बाजूला साठतं. बाहेर असा थर उभा राहतो तो सहसा दुखण्याने. पक्ष्यांच्या काही आजारांत हाड आत आणि बाहेर दोन्हीकडे वाढतं, आणि तसं आजारी ऊतक मादीच्या साठ्यासारखंच दिसू शकतं, हा इशारा 2009 साली एका गिधाडाच्या हाडांवरून दिला गेला होता. मी तो वाचलेलाही होता, पण 'मादी' म्हणायचा मोह भारी!

त्याच जनावराचं नडगीशेजारचं बारीक हाड कपाटात होतं. त्याचाही काप केला. पोकळीत काहीच नाही. बाहेर मात्र तोच उभ्या काड्यांचा थर. कोंबडीत हा साठा एकाच वेळी अनेक हाडांत असतो, त्यामुळे माझ्या मते पारडं आजाराकडे झुकलं. त्या थरात वर्षाची एकही रेषा नव्हती. दुखणं जडल्यावर ते जनावर बहुधा वर्षभरही जगलं नसावं. कोणता आजार, हे दोन कापांवरून सांगता येणार नाही.

नोंदीत लिहिलं: वाढ अपूर्ण, लिंग अनिश्चित, दोन्ही हाडांवर विकृत वाढ. आता मांडीचं हाड कापायची परवानगी मागायची आहे. अर्ज या वेळी मॅडमच लिहिणार आहेत.