एक काना जास्तीचा

दिवाळी अंकात आपला एखादा लेख छापून आला, तर तो नातेवाईक वाचत नाहीत, शेजारी वाचत नाहीत. पण मुलीच्या शाळेला बरोबर कळतं. नोव्हेंबरात फोन आला. "तुम्ही लिहिता ना? मग गॅदरिंगच्या घोषवाक्य समितीत या." अल्पोपाहार समितीत एखादी जागा आहे का, असं मी विचारून पाहिलं. तिथं निदान किती वडे तळायचे याचा हिशेब तरी असतो. ती समिती म्हणे जूनमध्येच भरली होती.

घोषवाक्य समितीत आम्ही आठ जण होतो. मुख्याध्यापिका, मराठीच्या बाई, संस्कृतचे सर, चित्रकलेचे सर, संस्थेचे एक सदस्य, दोन पालक आणि पीटीचे सर. पीटीच्या सरांना कुणी आणि का बोलावलं होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण चहा येईपर्यंत ते शांतपणे बसून होते. टेबलावर बुटाचं एक खोकं होतं. मुलांनी सुचवलेल्या घोषवाक्यांच्या चिठ्ठ्या त्यात होत्या.

चिठ्ठ्या उघडत गेलो तशी खोलीत पाखरं सुटली. भरारी, गगनभरारी, उत्तुंग भरारी, गरुडझेप, स्वप्नांना पंख, पंखांना बळ, क्षितिजापलीकडे. एका मुलानं नुसतंच 'फिनिक्स' लिहून खाली चित्र काढलं होतं. ते कोंबडीसारखं दिसत होतं. शेजारीच कार्यक्रमांची यादी पडली होती. कोळीनृत्य, शेतकरीनृत्य, लेझीम, गोंधळ, आणि गावच्या पाण्याच्या टाकीवरची एक नाटिका. सबंध यादीत उडणारं एकही नव्हतं. कोळी पाण्यात बघतो, शेतकरी मातीत बघतो, आणि लेझीमवाल्याची नजर पुढच्याच्या टाचेवर असते. वर बघायचं काम फक्त घोषवाक्याकडे.

मुलांचा दोष नाही म्हणा. त्यांना आजवर जेवढी घोषवाक्यं दाखवली, त्या सगळ्यांना पिसं होती.

संस्कृतच्या सरांनी खाकरून घसा साफ केला. पूर्वी असं नव्हतं, म्हणाले. 'असतो मा सद्गमय' बघा, बृहदारण्यक उपनिषदातलं, सीबीएसईचं ब्रीद. 'तत्त्वं पूषन्नपावृणु' बघा, ईशावास्यातलं, केंद्रीय विद्यालयांचं. सर अर्थ सांगत होते आणि मी मनात क्रियापदं मोजत होतो. 'मला ने.' 'हे सूर्या, सत्याच्या तोंडावरचं ते सोन्याचं झाकण काढ.' ही सगळी मागणी आहे, आणि ती मुलांकडे नाही. शाळा, गुरुजी, मुलं सगळे एका रांगेत उभे राहून सूर्याकडे काहीतरी मागताहेत. आपली हल्लीची घोषवाक्यं मात्र मुलांच्या मागं लागतात. झेप घे, उंच उड, शिखर गाठ. सांगणारा खाली खुर्चीत बसलेला असतो.

अर्थात संस्कृत ब्रीद घेतलं की भागलं, असंही नाही. एसटीचं 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' मला फार आवडतं, पण मागच्या सीटवर बसून खंबाटकी घाट चढलेला माणूस त्यातल्या 'सुखाय'कडे जरा जपूनच बघतो.

मग संस्थेच्या सदस्यांनी कर्मवीरांचं नाव काढलं. सातारा जिल्ह्यात शाळेची बैठक असली की ते निघतंच, आणि निघायलाच हवं. 1919 साली कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद धरलं. नुसतं लिहून भिंतीवर लावलं नाही, मुलं खरंच अंगमेहनत करून शिकली. 'कमवा आणि शिका' या तीन शब्दांत विशेषण नाही, पक्षी नाही, साधा अनुप्रासही नाही. तरी ते टिकलं, कारण त्या शब्दांच्या मागं आधी घमेली उचललेली होती. आमच्यापाशी काय होतं? तीन तासांचा कार्यक्रम आणि भाड्याची ड्रेपरी.

"घोषवाक्य म्हणजे घोष करायचं वाक्य," पीटीचे सर पहिल्यांदाच बोलले. "ते ओरडून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

मला हा माणूस एकदम आवडला. इंग्रजीतला 'स्लोगन' हा शब्दही स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ सैन्याची आरोळी. आम्ही मात्र तासभर चिठ्ठ्या पुटपुटत होतो, देवळात पोथी वाचावी तसं. आपल्याकडची जी घोषवाक्यं खरोखर लोकांच्या तोंडी बसली, ती सगळी प्रभातफेरीतली. पुढचा पोरगा ओरडतो, 'पाणी अडवा', मागचे शंभर ओरडतात, 'पाणी जिरवा'. 'झाडे लावा', 'झाडे जगवा'. (दुसरं अर्धं नुसतं ओरडण्यापुरतंच राहतं, म्हणून दर जुलैत खड्डा तोच असतो.) आणि 'मुलगी शिकली, प्रगती झाली' तर व्याकरणाच्या दृष्टीनं मला अजब वाटतं. दोन्हीकडे भूतकाळ! शिकेल, होईल अशी आशा नाही. शिकली, झाली. एसटी अजून फाट्यावर दिसत नाही आणि आपण फोनवर 'आलोच' म्हणतो, त्यातलाच हा भूतकाळ. पण सगळ्यांचा सांगाडा एक. वाक्य मधून मोडतं. अर्धं एकानं म्हणायचं, अर्धं सगळ्यांनी.

या कसोटीला उतरणारी खोक्यात एकच चिठ्ठी होती. 'खाऊ जास्त, भाषण कमी.' पीटीच्या सरांनी ती ओरडून दाखवली. व्हरांड्यातून कुणीतरी तिसरंच ओरडलं, 'झालंच पाहिजे!' संस्थेचे सदस्य हसले नाहीत. स्वागतपर भाषण त्यांचं होतं.

चित्रकलेच्या सरांची अडचण वेगळीच होती. त्यांची उमेद थर्माकोल कापण्यात गेलेली. तापलेल्या तारेनं एकेक अक्षर कोरायचं, रंगवायचं, निळ्या पडद्याला टाचण्यांनी लावायचं. त्या काळात घोषवाक्य समिती म्हणजे तेच. जोडाक्षर नको, वेलांट्या कमी, आणि रफार तर अजिबात नको, कारण पहिल्याच नाचाला स्टेज हादरलं की रफार पडतो. एका वर्षी 'उत्कर्ष'चा पडला आणि उरलेला 'उत्कष' दोन दिवस तसाच लटकला. पुढं फ्लेक्स आला, मग 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदीच आली, आणि वाक्यं लांबत गेली. फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर. अक्षरं कितीही घाला.

शेवटी व्हायचं तेच झालं. 'गगनी घेऊ उंच झेप' ठरलं. मराठीच्या बाईंनी अर्धा तास वाद घातला की झेप गगनात घेतात की गगनाकडे. सप्तमीवर एवढं रण माजलं की पुढच्या तीन शब्दांकडे कुणी पाहिलंच नाही.

फ्लेक्सच्या दुकानात आपण मोबाइलवरून पाठवलेला मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टात उमटत नाही. मग तिथला मुलगा तो हातानं पुन्हा टाइप करतो, आणि डिसेंबरात त्याच्यापुढं दहा शाळांची रांग असते. प्रूफ समितीच्या ग्रूपवर आलं. आठही जणांनी त्याखाली अंगठा दाखवला. मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काय, ते बाईंनाही त्या वेळी आठवलं नाही.

आदल्या संध्याकाळी रंगीत तालमीला फ्लेक्स ताणून बांधला. वीस फूट रुंद, मागं उगवता सूर्य, त्यावरून उडणारा गरुड, आणि त्याखाली टपोऱ्या पिवळ्या अक्षरांत:

गगनी घेऊ उंच झोप.

एक काना जास्तीचा. मुख्याध्यापिका खुर्चीत बसल्या. नवा छापायला वेळ नव्हता. चित्रकलेचे सर मात्र एकाएकी वीस वर्षांनी तरुण झाले. शिडी मागवली, निळा कार्डशीट कापला, आणि तो काना झाकला. मात्रा जागेवर होतीच; वाचायला 'झेप' झालं. फक्त झे आणि प यांच्यामध्ये एक दात पडल्यासारखी फट राहिली. आणि फ्लेक्सचा निळा आणि कार्डशीटचा निळा हे सख्खे भाऊ नव्हेत, हे फोकस लागल्यावर कळलं.

तालमीला दीडशे मुलं हजर होती. त्यामुळे पट्टीखाली काय आहे ते रात्रीतून गावाला माहीत झालं.

दुसऱ्या दिवशी दीपप्रज्वलन झालं, तिसऱ्या काडीला. अहवालवाचन झालं, शाल-श्रीफळ झालं. सूत्रसंचालन नववीतली एक मुलगी करत होती. घोषवाक्याचा उच्चार शक्यतो टाळ, असं तिला बजावलं होतं, पण तिचं भाषण पाठ होतं, आणि पाठ केलेल्या भाषणाला ब्रेक नसतो. दोन्ही हात वर करून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "गगनी घेऊ उंच..."

"झोप!"

सगळं मैदान. पहिली ते दहावी, पालक, कॅन्टीनचे मामा. प्रभातफेरीत शंभर मुलं उत्तर देतात, इथं हजारभर होती. सहावीच्या रांगेतून सगळ्यात वरच्या पट्टीत आला तो आवाज मी ओळखला. तो रोज सकाळी आमच्या घरात 'अजून पाच मिनिटं' म्हणतो. पीटीचे सर शिट्टी तोंडात धरून उभे होते, पण वाजवेनात.

प्रमुख पाहुणे जाणते निघाले. चार पानी भाषण त्यांनी खिशातून काढलं, मैदानाकडे पाहिलं, परत खिशात ठेवलं आणि चार वाक्यांत आटोपलं. खाऊ मात्र नेहमीइतकाच होता, एक वडा आणि दोन पेढे.

यंदा नोव्हेंबर लागताच तो ग्रूप पुन्हा जागा झाला. पहिला निरोप चित्रकलेच्या सरांचा होता. "कुठलंही चालेल. फक्त झ नको." त्याखाली लगेच सात अंगठे आले.