खंभोळजची वाट

वारी म्हटलं की आमच्या घरी पंढरपूर. आई वडोदऱ्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या बायकांबरोबर आळंदी गाठायची आणि तिथून पालखीबरोबर पायी. मी एकदाही गेले नाही. देव मानत नाही, मग कशाला? आणि निवृत्तीनंतर चालले ती कुठे, तर आणंदजवळच्या खंभोळजला, निराधारोनी मातेच्या, म्हणजे मेरीच्या देवळात. (चरोतरातले, म्हणजे आणंद-खेड्याकडचे ख्रिस्ती चर्चला देवळच म्हणतात.)

नेणारी माझी फतेगंजातली मैत्रीण. नोकरीत आमची टेबलं शेजारी होती. तिचं माहेर श्रीरामपूरकडचं, हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे तिथल्या मेरीच्या जत्रेत वाढलेली. ज्ञानेश्वरी 1290 साली नेवाशात झाली, म्हणजे तिच्या शेजारच्याच तालुक्यात. "तुमची माउली आणि आमची मतमाउली एकाच पाण्यातल्या," असं ती आईला सांगायची, आणि आई तिला जास्तीचा लाडू द्यायची. मला नाही.

संध्याकाळी छाणीहून निघालो. हायवेच्या कडेनं पुढचे लोक गुजरातीत रोझरी, म्हणजे मेरीची जपमाळ म्हणत होते, ट्रक अंगावरून जात होते. माझा डावा गुडघा तासाभरातच बोलायला लागला. चालताना एक बरं असतं, माणूस समोर बघून बोलतो, तोंडाकडे नाही. त्यामुळेच असेल, ती एकदम म्हणाली, "मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. तुला राग येतो का गं?"

इतक्या वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. नाही म्हणणं सोपं होतं.

"येतो थोडा," मी म्हटलं. "मला दुरुस्तीला टाकल्यासारखं वाटतं."

ती गप्प झाली. महीचा पूल आला. खाली नुसता काळोख आणि पाण्यावरून येणारा गार वारा. पूल संपेपर्यंत मला वाटत होतं, खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

वासदला चहाला टेकलो. बशीत ओतून घेतलेला चहा फुंकत ती म्हणाली, "पहिली काही वर्षं दुरुस्तीसाठीच करत होते. तू मातेला मानावंस म्हणून. ते खरंय. हे गेल्यावर वर्षभर मीच रोझरीला हात लावला नाही, तेव्हा तू रोज डबा घेऊन यायचीस. परत सुरू केली तेव्हा तुझ्यासाठी काय मागावं तेच कळेना."

"मग आता काय मागतेस?"

"गुडघा."

मी इतक्या जोरात हसले की चहावाल्यानं वळून पाहिलं.

पुढे तंबाखूची शेतं, केळी, भुंकणारी कुत्री. तिनं विचारलं, आईचे टाळ अजून का ठेवलेस? आईचे म्हणून, मी म्हटलं. तिला ते पुरेसं वाटलं नाही. तसं तोंडावर म्हणालीही.

उजाडताना पोचलो. मी बाहेर पायरीवर चपला राखत बसले. तिला आत बराच वेळ लागला. आली आणि शेजारी टेकली.

"मेणबत्त्या किती लावल्यास?"

"दोन. दुसरीचे वीस रुपये दे."

मी दिले.