तानपुरा म्हणजे गोंगाट नव्हे

नवा फोन हातात आला की मी आधी त्याच्या कडा बघते. हेडफोनचं साडेतीन मिलिमीटरचं भोक आहे का? सिमच्या ट्रेमध्ये मेमरी कार्डाला जागा आहे का? कॅमेरा, प्रोसेसर, स्क्रीन या गोष्टी त्यानंतर. मैत्रिणी म्हणतात, "अगं, आता हे कोण बघतं?" मी बघते. गॅजेट्सचं मला कॉलेजपासून वेड आहे आणि इतकी वर्षं ती वापरून माझं एक मत पक्कं झालंय: वस्तू मी विकत घेतली असेल, तर तिच्यात काय ठेवायचं आणि काय काढायचं हे मी ठरवणार. कंपनीने ते परस्पर ठरवलेलं मला चालत नाही.

ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोन जॅक काढला आणि बघता बघता बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आज दुकानात गेलात तर दहा-बारा हजारांच्या बऱ्याच फोनांत जॅकही मिळतो आणि कार्डाची जागाही. लाखाच्या घरातल्या फोनांत बहुधा दोन्ही नसतं. वायरच्या इयरफोनला चार्जिंग लागत नाही, जोडणी करत बसावं लागत नाही, आवाज चित्राच्या मागे पडत नाही. शिवाय संध्याकाळी दादरला गाडीत चढताना धक्का बसला तर तो गळ्यात लोंबकळत राहतो, रुळांवर जात नाही.

वायरलेस बड्सबद्दलची माझी तक्रार मात्र त्यांच्या आवाजाविषयी नाही. आवाज आता खरंच चांगला असतो. तक्रार आहे ती आतल्या बॅटरीविषयी. शेंगदाण्याएवढी ती बॅटरी दोन-तीन वर्षांत दम टाकते आणि बड असा चिकटवलेला असतो की बॅटरी बदलता येत नाही. लॅमिंग्टन रोडवर माझा एक नेहमीचा दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडे मी अशी एक जोडी घेऊन गेले होते. त्याने भिंग लावून सांधा बघितला आणि म्हणाला, "ताई, उघडून देतो, पण परत बसणार नाही." ज्या माणसाने माझा जुना ॲम्प्लिफायर नवे कपॅसिटर घालून पुन्हा उभा केला, त्याने हात टेकले. स्पीकर चांगला, चिप चांगली, आणि एवढ्याशा बॅटरीपायी सगळं ई-कचऱ्यात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच केलं. पण युरोपीय संघ त्याच्या पुढे गेलाय. फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता यावी, असा कायदाच त्यांनी केलाय. असा कायदा आपल्याकडे हवा, आणि लवकर हवा.

आता उपकरणाच्या आत जे असतं त्याबद्दल. मी स्ट्रीमिंगचे पैसे भरते आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. नवं ऐकायला त्यासारखी सोय नाही. मराठी ऑडिओबुक्सना जे चांगले दिवस आलेत तेही या दरमहाच्या वर्गणीमुळेच. पण वर्गणी भरली म्हणजे गाणं आपलं झालं असं नाही. २०२४ या एका वर्षात भारतात गाण्यांची रेसो आणि विंक म्युझिक ही दोन्ही ॲप बंद झाली. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्यांचा पसारा त्यांच्याबरोबर मोडला. त्याच्या उलट फ्लिपकार्टच्या फ्लाइट या गाण्यांच्या ऑनलाइन दुकानाचं बघा. २०१२ मध्ये त्यांनी एमपीथ्री विकायला सुरुवात केली आणि जून २०१३ मध्ये दुकान बंदही केलं. तरी ज्यांनी तिथून गाणी उतरवून घेतली, त्यांची गाणी आजही वाजतात, कारण त्या फायलींना कॉपी अडवणारं कुलूप नव्हतं. दुकान गेलं तरी माल घरात राहिला.

पुस्तकांचंही तेच. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडल या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रातून परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरं होतं, आणि पैसेही परत दिले. पण विकत घेतलेलं पुस्तक वाचणाऱ्याच्या हातातून काढता येतं हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. २६ फेब्रुवारी २०२५ पासून तर किंडलचं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून वायरने यंत्रात टाकायची सोयही त्यांनी बंद केली. म्हणून मी ई-पुस्तक घेताना आधी बघते की फाईल मला मिळणार आहे, की फक्त ॲपमध्ये उघडणार आहे. मिळणार असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतात.

या सगळ्यावर मी इतकी अडून का बसते, त्याचं कारण काकांच्या कॅसेट आहेत. काका गिरगावात चाळीत राहायचे. गणपतीत चाळीच्या पटांगणात गाणं असायचं आणि काका पुढच्या रांगेत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायचे. ती चाळ आता नाही, तिथे टॉवर आहे. कॅसेट आमच्याकडे आल्या, बहुतेक ९० मिनिटांच्या, पाठीवर काकांच्या बारीक अक्षरात राग आणि साल.

त्या मी कॉम्प्युटरवर घेतल्या त्याची पद्धत सांगते, कारण कुणाला तरी उपयोगी पडेल. चोरबाजारातून कॅसेट वाजवायचा एक डेक आणला. हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. मग सगळ्यात महत्त्वाचं काम: हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. काकांच्या टेपरेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असणार, त्यामुळे नीट सरळ लावलेल्या डेकवर त्या कॅसेट दबलेल्या, घोंगडीखालून आल्यासारख्या वाजत होत्या. हेडफोन लावून, बारीक स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू केसभर फिरवला आणि एका जागी तबल्याची चाट एकदम उघडली. शाईवरची बोटं वेगळी ऐकू यायला लागली. मी तिथेच थांबले. दर कॅसेटला हे पुन्हा करावं लागतं, कारण काकांनी मधे टेपरेकॉर्डर बदलला होता.

ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घेतलं की एक ९० मिनिटांची कॅसेट साधारण दीड जीबी होते. फ्लॅक केली, म्हणजे काहीही न गाळता आवळून ठेवली, की त्याच्या जवळपास निम्मी. हे झाल्यावर माझ्या मामेभावाने सुचवलं, "ताई, एआयने साफ करून घे ना, खरखर जाईल." करून बघितलं. खरखर गेली, पंख्याची घरघर गेली, आणि त्यांच्याबरोबर तानपुराही गेला.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. आवाज साफ करणारी बहुतेक साधनं एकाच तत्त्वावर चालतात: जे सतत, एकसारखं वाजतंय ते नको असलेलं. आणि नवी साधनं माणसाच्या बोलण्यावर शिकवलेली असतात, बोलण्यासारखं नसेल ते बाजूला काढायचं. तानपुरा या दोन्ही चाळण्यांतून गळतो. तो सतत वाजतो, तेच तर त्याचं काम. लॉकडाऊनमध्ये गाण्याचे क्लास झूमवर गेले तेव्हा कितीतरी गुरूंना हा अनुभव आला. इकडे तानपुरा लावलेला, तिकडे विद्यार्थ्याला नुसता गळा ऐकू येतोय आणि लांबवलेला षड्ज मधेच बुडतोय. झूममध्ये ओरिजिनल साउंड नावाचं सेटिंग आहे, ते चालू केलं की हे थांबतं. पण ते शोधावं लागतं. म्हणजे मुळात कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलं की आवाज म्हणजे बोलणं, आणि आपलं अख्खं संगीत ज्यावर उभं आहे तो सूर गोंगाटाच्या खात्यात गेला. याचा मला राग येतो.

मी साफ केलेल्या फायली पुसून टाकल्या आणि मूळ ठेवल्या. त्यात खरखर आहे. एका कॅसेटवर गाणं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी म्हणतंय, "अहो, तो पंखा बंद करा," आणि मग खरोखरच घरघर हळूहळू खाली येत बंद होते. त्यानंतर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणझण, इतकी स्वच्छ ऐकू येते की कॅसेट आहे हे विसरायला होतं. कुठलंही ॲप हा पंखा ठेवणार नाही.

माहिती भरण्याचं कामही मी हातानेच केलं. स्ट्रीमिंगच्या ॲपमध्ये मराठी गाण्याखाली गायकाचं नाव असतं, गीतकार-संगीतकार बरेचदा नसतात. एकाच गायिकेची तीन तऱ्हांनी लिहिलेली नावं म्हणजे तिथे तीन गायिका. माझ्या फायलींत राग, ताल, साथीदार, चाळीचं नाव, साल, सगळं देवनागरीत आहे.

लोक विचारतात, एवढं मोठं फ्लॅक कशाला, कानाला फरक कळतो का? ३२० केबीपीएसची, म्हणजे चांगल्यातली चांगली, एमपीथ्री आणि फ्लॅक यांतला फरक लोकलच्या खडखडाटात मला तरी कळत नाही, आणि घरी शांततेतही क्वचितच कळतो. पण उद्या एमपीथ्रीच्या जागी दुसरं काही आलं आणि एमपीथ्रीवरून ते बनवलं, तर प्रत्येक वेळी थोडं गळणार. फ्लॅकवरून कितीही वेळा बनवा, मूळ शाबूत. म्हणून जपायला फ्लॅक आणि फोनमध्ये एमपीथ्री, अशी माझी विभागणी आहे. ती एमपीथ्री मेमरी कार्डावर असते. मेट्रो ३ सुरू झाली तेव्हा भुयारात मोबाईलची रेंज मिळत नव्हती आणि शेजारी बसलेल्यांची गाणी अडकून पडायची, तेव्हाही काकांच्या कॅसेटवरचा मारवा राग चालू होता.

फ्लॅकच्या प्रती तीन आहेत. एक घरातल्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर आणि एक मामेभावाकडे नाशिकला. तिसरी मुद्दाम मुंबईबाहेर ठेवली, २६ जुलैचं पाणी बघितलेल्या घरातली आहे मी. बंद करून कपाटात ठेवायला एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, वापरू नका. वीज न मिळता ती फार काळ पडून राहिली तर आतला डेटा जायला लागतो. त्यासाठी जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्कच बरी, आणि तीही वर्षातून एकदा जोडून तपासायची.

घरी कॅसेट असतील तर या पावसाळ्याआधी एकदा बाहेर काढून बघा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालू नका, डेक खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागेल. आधी जाणकाराला दाखवा. आणि पाठीवर कुणाचं गाणं, कुठलं साल, हे लिहिलेलं नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारून आजच लिहून ठेवा.